नानाने धरलेलं चाक

तुमच्या सदरात येणाऱ्या भुताखेतांच्या गोष्टी वाचून मी आजवर हसतच आलो. उलट्या पावलांची बाई, झाडावरून हाका मारणारा म्हातारा... असलं काही सांगणाऱ्याला मी तोंडावर विचारायचो, किती चढवली होती? मी जिनिंगमध्ये इंजिनावर काम करणारा माणूस. लोखंड आणि तेल, याच्यापलीकडे माझा कशावर विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण पाहिलं ते पाहिलं, आणि ते मनात ठेवून ठेवून आता कडू झालं आहे, म्हणून लिहितो.

ठिकाण आमचं शहादे, पश्चिम खानदेश. गावाबाहेर कापसाची जिनिंग आहे, पार कळसाडी गावापासूनच्या कापसाच्या गाड्या तिथे लागतात. मालक सुरतेकडचे शेठ, वर्षातून एक-दोनदा यायचे. बाकी कारभार मॅनेजरचा. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट.

इंजिन-घरात सागाच्या जाड तुळईला एक चेनकप्पी टांगलेली असते. एक बारीक साखळी हाताने ओढायची, की दुसऱ्या जाड साखळीचा हूक वजन वर उचलतो. दोन माणसं दहा माणसांचं ओझं उचलतात. ती कप्पी माझ्या थोरल्या भावाच्या, नानाच्या ताब्यात होती. नानाची रीत ठरलेली. वजन आधी फक्त चार बोटं उचलायचं, मग थांबायचं. लोखंडावर तळहाताने एक थाप मारून म्हणायचं, "थांब, मी देखी ऱ्हायनू," म्हणजे मी बघतोय. वजन जरासुद्धा खाली येत नाही अशी खात्री झाली तरच पुढे. आणि खाली कुणी उभं राहिलं तर नाना शेठलासुद्धा ओरडला असता.

कप्पीच्या पोटात ब्रेकच्या चकत्या असतात. त्या एकमेकींना घट्ट धरतात म्हणून साखळी सोडली तरी वजन जागच्या जागी राहतं. त्या कोरड्या हव्यात, तेल लागलं की घसरल्याच. आता दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या हत्यारांना, यंत्रांना तेलात कालवलेला शेंदूर फासतात. नाना त्या दिवशी कप्पी गोणपाटात गुंडाळायचा आणि फक्त हुकाला कुंकू लावायचा. "तिले तेल नका लावा, ती कोरडीच ऱ्हाऊ द्या," हे ऐकून लोक हसायचे. कप्पी म्हणजे नानाची सोवळ्यातली बायकोच, म्हणायचे.

त्या वर्षी मॅनेजर नवा होता, आणि भारी धार्मिक. नाना जेवायला गेला होता तेव्हा त्याने गोणपाट सोडायला लावलं. "देव काय अर्धा पुजतात?" म्हणाला, आणि कप्पीचं झाकण काढून पळीपळीने तेल-शेंदूर आत ओतवला. नाना आला, पाहिलं आणि कपाळाला हात लावला. कप्पी उतरवून खोलू द्या म्हणून तो मागे लागला. पण हंगाम तोंडावर आला होता आणि इंजिनाचं मोठं चाक चढवायचं बाकी होतं. "वर्षानुवर्षं यंत्रं पुजतो आम्ही, तू आम्हाला शिकवू नकोस," असं उत्तर मिळालं.

नाना फडक्याने जेवढं पुसता आलं तेवढं पुसून कामाला लागला. चार बोटांवर चाक थांबलंही. वर गेल्यावर ते हाताने सरकवून जागेवर बसवावं लागतं, तिथे त्याने आम्हा कुणाला येऊ दिलं नाही. "तुम्ही बाजूले व्हा," म्हणाला आणि स्वतः पुढे झाला. चाक घसरलं ते त्याच्यावरच. नाना जागीच गेला.

मॅनेजरने त्याच दिवशी सांगून टाकलं की नाना प्यायलेला होता, त्याची चूक. माझा भाऊ तंबाखूलासुद्धा शिवत नव्हता हो! पण गावाला तेवढं पुरलं. वहिनी पाण्याला गेली की बायका कुजबुजायच्या. ती मला एवढंच म्हणाली, "भाऊ, माणूस गया तो गया. त्यास्ना नावले डाग नको लागू द्या."

शेठ आले तेव्हा चाक अजून खालीच पडलेलं होतं. मी सगळ्यांसमोर हात जोडले. कप्पी खोला, आत बघा, मग माझ्या भावाला काय म्हणायचं ते म्हणा. शेठचं मन वळत होतं. तेवढ्यात मॅनेजर म्हणाला, "खोलायची गरज काय? तेच चाक उचला. मी खाली उभा राहतो."

मी साखळीला हात लावायला साफ नकार दिला. "साहेब, मरशाल, बाजूले व्हा," असं ओरडलोसुद्धा. तो हसला. दोन गडी ओढू लागले, चाक डोक्याच्या वर गेलं, आणि हा माणूस त्याखाली शेठकडे तोंड करून उभा.

मग घसरलं. गड्यांच्या हातातून साखळी सुटली, चाक हातभर खाली आलं... आणि थांबलं. त्याच क्षणी लोखंडावर थाप पडली. थप्! तशी थाप मी जन्मभर ऐकली होती. गड्यांचे हात रिकामे, कुणाचाही स्पर्श नाही, आणि हाताची बारीक साखळी जराही न हलता ताठ उभी. कुणीतरी दोन्ही मुठींनी धरून ठेवावी तशी.

मॅनेजरला काही कळलंच नाही. वर बघून म्हणाला, "पाहिलंत? कुठे पडतंय?" तो सावकाश बाहेर आला. गड्यांनी साखळी धरली आणि चाक फुलासारखं खाली टेकलं. शेठ मान हलवत म्हणाले, "मशीन तो बराबर छे." झालं! नाना दारुडा ठरला, कायमचा.

हंगाम संपल्यावर सुरतेच्या फिटरने कप्पी खोलली. चकत्या तेला-शेंदराने माखलेल्या. "इस पे तो बालटी भी नहीं टिकेगी," तो म्हणाला. मी मॅनेजरला दाखवायला नेलं, तर म्हणे तेल मागाहून कुणी घातलं असेल.

त्या संध्याकाळी मी वहिनीकडे जाऊन अक्षरशः आदळआपट केली. त्याने का धरलं? सोडलं असतं तर सगळ्या जगाला दिसलं असतं ना, की दोष कशात होता! त्या हरामखोरासाठी स्वतःच्या नावाला काळं फासून घेतलं! वहिनी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"खाल कोण उभा शे, हाई त्यास्नी कधी देखं नही, भाऊ," ती म्हणाली.

ते चाक कशाने थांबलं, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर जरूर लिहा. मी त्याच जिनिंगमध्ये आहे, पोटासाठी नोकरी कुठे सुटते? दर दसऱ्याला ती कप्पी गोणपाटात गुंडाळतो, हुकाला कुंकू लावतो, आणि नानाशी एक शब्द बोलत नाही.