लेकीच्या मानेवरचा किडा

यंदा कोथिंबीर धण्यासाठी राखली होती. ज्वारीच्या कडेच्या तिच्या सऱ्या फुलांनी पांढऱ्या झाल्या आणि त्यांवर नारिंगी-काळे किडे आले. लेक तिथंच खेळत होती. एक किडा मानेवर बसला, तो तिनं हातानं जागीच चिरडला.

"आगं, हिंगा त्यो! उद्या फोडांनी मान भरंल," माझ्या सासूबाई ओरडल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. बाजरीतल्या हिंग्यानं त्यांच्या दंडावर उठलेले फोड मी पाहिले होते. साबण लावून मान धुतली. लेक रडली नाही, मीच रडले.

आमच्या जत भागात फुलावरच्या अशा रंगाच्या किड्याला सरसकट हिंगाच म्हणतात. फौजेतून सुट्टीवर आलेले दीर लगेच औषधाचा पंप भरायला उठले.

सरकारी कृषी सहायक बाई गावाच्या ग्रुपवर आहेत. पण बाकी सगळे पुरुष. मी तिथं कधी एक अक्षर टाकलं नव्हतं. तसल्याच एका किड्याचा फोटो काढला, पण पाठवायला अंगठा धजेना. लेकीच्या मानेकडं पाहिलं आणि पाठवला. खाली लिहिलं, "पोरीच्या मानेवर चिरडला. फोड येतील का?"

आधी कुणीतरी लिहिलं, "आज वैनी बोलल्या गड्या!" मोबाईल चुलीत टाकावासा वाटला. मग बाईंचं उत्तर आलं. "हिंग्याची मान बारीक असते, डोकं खाली झुकलेलं. याच्या डोक्यामागं चपटी ढाल आहे बघा. हा सैनिक भुंगेरा. पिकावरची मावा कीड खातो. फोड येत नाहीत. फवारू नका."

मी परत सरीत जाऊन वाकून पाहिलं. ढाल होती. किडा देठावरच्या माव्यात तोंड घालून बसला होता.

"सैनिक व्हय?" दीर हसले. "मग आपलाच गडी. ऱ्हाऊ द्या त्याला, वैनी." त्यांनी पंप ओसरीत ठेवला.

"सकाळी मान बघू, मग बोला," आत्याबाई म्हणाल्या.

सकाळी उठल्या उठल्या मी लेकीची वेणी बाजूला सारली. मान स्वच्छ होती. आत्याबाईंनी बोट फिरवून खात्री केली.

"जा, त्या बाईला कळीव," त्या म्हणाल्या.

मी ग्रुपवर लिहिलं, "मान चांगली आहे." मग चहा ठेवला.