सुमनची पेशी

"कच्चा गवाह उभा करू नये, भाऊ," असं म्हणत चाचा कानामागचा टाक काढत आणि पुन्हा तिथेच खोवत. लिहायचं काही नसलं तरी.

कोर्टाबाहेर झाडाखाली पेटी मांडून लोकांचे अर्ज लिहून देणारे अर्जनवीस तुम्ही पाहिले असतील. अकोल्याचे आमचे चाचा त्यांतलेच, आणि माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. अर्जाचे पैसे घेत. साक्षीदार मात्र हौसेनं, फुकटात पढवत. त्यांच्या लेखी जगातल्या प्रत्येक गोष्टीचं प्रकरण होई, आणि कुठंही हजर व्हायचं म्हणजे कोर्टातल्या तारखेसारखी पेशी. आमच्या घरी दूध नासलं तरी भिंतीपलीकडून विचारत, "फिर्यादी कोन?" मी जिनिंग फॅक्टरीत हिशेबनीस. जमा-खर्च जुळला की गप्प बसणारा माणूस. या शेजाराचा मला फार ताप होई.

नवं मराठी राज्य होऊन एक-दोन वर्षं झाली होती. माझी सुमन आठ वर्षांची, दुसरीत दुसऱ्यांदा. एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगायची, तोंडी बेरजा माझ्या बरोबरीनं करायची. पण पुस्तक उघडलं की तिला घाम फुटायचा. सकाळी ओळखलेलं अक्षर संध्याकाळी अनोळखी. डोळे तपासून झाले, जंताचं औषध झालं, मारही झाला. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "पोरगी मंद आहे. उन्हाळ्यानंतर नाव कमी करतो. घरकामाले लावा."

मंद म्हणजे किती? मला आकडा हवा होता. अमरावतीला शिक्षकांच्या कॉलेजात एक प्राध्यापक मुलांची बुद्धी मोजतात असं कळलं. मी पत्र टाकलं, दिवस ठरला.

त्या आठवड्यात सुमन रोज संध्याकाळी चाचांच्या ओट्यावर दिसे. गोष्टी चालल्या असतील असं मला वाटलं. निघायच्या सकाळी चाचा शेरवानी घालून दारात हजर.

"तुमी काहून?"

"पेशीले एकटं जात नसतेत, भाऊ."

कॉलेजात आम्ही दोघं उघड्या दाराबाहेर बाकावर बसलो. प्राध्यापकांनी आत विचारलं, "संत्रं आणि केळं, सारखं काय आहे यांच्यात?"

"दोन्ही फळं आहेत," सुमन म्हणाली आणि न थांबता पुढे, "लोखंड अन् चांदी, दोन्ही धातू. होडी अन् बैलगाडी, दोन्हींत बसून जाता येते."

बैलगाडीचा प्रश्न अजून विचारलाच नव्हता. लोखंडाचाही नाही. माझ्या शेजारी चाचा प्रत्येक उत्तराला मान डोलवत होते.

प्राध्यापकांनी पेन्सिल खाली ठेवली. "हिला कोणी पढवलं?"

चाचा उठून उभे राहिले. "म्या, साहेब. माहा भाचा इथंच शिकून राह्यला. त्याच्याकून सवाल काढले."

"मग आज मी मोजलं ते तुमचं, हिचं नव्हे. आता वर्षभर ही चाचणी घेता येणार नाही."

"म्हंजे पुढची तारीख," चाचा समाधानानं म्हणाले.

परतीच्या गाडीत मी रागानं त्यांच्याकडे पाठ करून बसलो. मूर्तिजापूर आलं. तिथं त्यांनी फुटाणे घेतले, सुमनच्या ओंजळीत ओतले.

"भाऊ, गुस्सा सोडा. म्या जिंदगीभर गवाह पढवले. पाटील पढवले, सावकार पढवले. सारेच्या सारे ऐन वक्ताले अटकले. हे पोरगी नाई अटकली. इले मंद म्हनते त्याचं डोकं मोजा."

"हे मुख्याध्यापक मानतील? तुमच्या तोंडच्या शब्दावर? उन्हाळा संपला की तिचं नाव कमी होईन, चाचा!"

चाचांनी टाक काढला. या वेळी पुन्हा खोवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज आणून दिला. मुलीचं प्रकरण अमरावती येथे तज्ज्ञांपुढे प्रलंबित असून निकाल लागेपर्यंत तिचं नाव कमी करू नये, अशी नम्र विनंती. वर कोर्ट फीचा स्टँप.

"शाळेच्या अर्जाले स्टँप लागत नाई, चाचा."

"लागत नाई. पन दिसते न!"

मुख्याध्यापकांनी स्टँपाकडे दोनदा पाहिलं आणि नाव तसंच ठेवलं. मला हे अजिबात पटलं नव्हतं. ज्यानं घोळ घातला त्यानंच घोळाची मुदत वाढवून घ्यावी, आणि वर मोहल्लाभर सांगावं की भाऊची पोरगी आपण वाचवली!

त्या हिवाळ्यात चाचा गेले. छातीत दुखतं म्हणाले, आणि डॉक्टर येईपर्यंत संपलं.

वर्ष भरल्यावर, ठरल्या तारखेला, मी आणि सुमन अमरावतीला गेलो. या वेळी ती अडखळली, थांबली, एकदोनदा "माहीत नाही" म्हणाली. काही दिवसांनी पत्र आलं. आकडा होता, शंभराच्या चांगला वर. खाली लिहिलं होतं: मुलगी मंद नाही, वाचनातली अडचण खरी आहे, तिचं कारण आज सांगता येत नाही, परीक्षा तोंडी घ्यावी, धडे वाचून दाखवावेत. मी ते सुमनला आणि तिच्या आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. मुख्याध्यापक कुरकुरले, पण तोंडी परीक्षेला तयार झाले.

संध्याकाळी सुमनची आई शिरा घेऊन चाचींकडे गेली. मागोमाग आम्ही. चाचींना मराठी वाचता येत नसे. कागद हातात धरून त्या म्हणाल्या, "काय लिहिलं हाये, बेटा?"

सुमननं कागद घेतला, ओट्यावर मांडी घालून बसली आणि पहिल्या शब्दापासून सुरू झाली. तिचं बोट भलत्याच ओळीवरून चाललं होतं. शब्द एकही चुकत नव्हता. मी चुका काढणारा माणूस. तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं.

चाची पदरानं डोळे पुसत ऐकत होत्या.