कल्याणहून ठाण्याला, मटणाच्या परीक्षेला

कल्याण स्टेशनावर उतरलो आणि इथली हवा ओल्या घोंगडीसारखी अंगाला चिकटली. आमच्या नगर जिल्ह्याकडे ऊन भाजतं. इथे ते शिजवतं.

माझं काम शुभवर्तमानाच्या पुस्तिका गावोगाव विकण्याचं. मराठी तिसरीतून शाळा सुटलेल्या धनगराच्या पोराला मिशनच्या साहेबांनी हे काम दिलं, म्हणून मी रोज देवाचे आणि एक दिवसाआड साहेबांचे आभार मानतो. पण काम अजून कच्चं होतं. मी मटण खात नाही, म्हणजे छुपा भट आहे, आतून जात पाळतो, असं कोणी तरी साहेबांच्या कानात घातलं होतं. पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या सणाला ठाण्याच्या मंडळीच्या वडिलांनी (मंडळीच्या प्रमुखाला आम्ही वडील म्हणतो) मला पंक्तीत पारखायचं आणि चिठ्ठी द्यायची, तरच मी राहणार. नाही तर परत मेंढरांमागे. आणि मेंढरं पाळणं म्हणजे शेवटी ती खाटकाला विकणं.

खरं कारण सांगतो. पवित्र शास्त्रात चांगला मेंढपाळ मेंढरांसाठी मरतो. आमच्या मेंढरांच्या वाड्यावर बरोबर उलट चालतं. हे कळल्यापासून मटण नरड्याखाली उतरेना. मग कोकराला बाजूला ओढून काढलेलं दूधही उतरेना.

सणाच्या आदल्या दिवशी शीळच्या वाटेने निघालो. एका आगरी मामांची गवताची गाडी भेटली. पुस्तिकांची ट्रंक गाडीत ठेवायची की नाही, याचा विचार करून शेवटी ती डोक्यावरच ठेवली आणि बैलांच्या बाजूने चालू लागलो.

"गारीन (गाडीत) बस ना! बैल काय तुजा सोयरा लागतं?"

"बसतो म्हटलं तर त्यांना ओझं, मामा."

"तू चालतंस आन् मी बसलूय. लोक मना काय बोलतीन?" असं म्हणून मामा चिडून खाली उतरले आणि मुंब्र्यापर्यंत मला शिव्या देत चालले. बैल मात्र खुशीत होते. मुंब्र्यापुढे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाजण (भरतीचं पाणी शिरणारी खारट जमीन), आणि कळव्याजवळ मिठाचे पांढरेशुभ्र ढीग. मी कातड्याचा जोडा घालत नाही. मिठाच्या वाटेवर त्याची शिक्षा मिळाली.

दुसऱ्या दिवशी उपासना झाली आणि अंगणात पंगत बसली. वडील जन्माने ब्राह्मण; घरदार सोडून ख्रिस्ती झालेले. इथला रिवाज असा, की नव्या माणसाने सगळ्यांदेखत मटणाचा पहिला घास घ्यायचा, मगच बाकीच्यांनी जेवायचं. तीस भुकेली तोंडं माझ्याकडे वळली.

"घे, योहान," वडील म्हणाले.

"नको, वडील. मी सोडलंय." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"कोणासाठी? मागच्या देवांसाठी?"

"मेंढरांसाठी."

"अरे बाबा, ते मेंढरू पहाटेच गेलं!" एक जण ओरडला. "तू उपाशी राहिलास तर तिसऱ्या दिवशी उठणार आहे काय?"

"पायात जोडा नाही," दुसरा म्हणाला, "आणि काखेतलं पुस्तक बघा, चांगलं कातड्यात बांधलेलं!"

मी पुस्तक सदऱ्याच्या आत सरकवलं. तेव्हापासून ते कापडात गुंडाळून नेतो.

"भट आहे, भट," कुजबुज सुरू झाली. योहान या नावावरून जात कळणार कशी? मी धनगर म्हणून सांगितलं, ते कोणाला पटेना. नोकरी गेली, हे मी मनाशी धरून चाललो.

तेवढ्यात वडिलांच्या पत्नी मार्थाबाई वाटी घेऊन आल्या. "राहू द्या हो बिचाऱ्याला. घे रे, खीर तरी खा."

"नको, बाई. यात दूध आहे."

"मग?"

"आणि वर तूप."

मार्थाबाईंनी कपाळावर हात मारला आणि हसू लागल्या. "अहो, ऐकलंत? हा तुपाला नको म्हणतोय! तुमच्या अख्ख्या कुळात तूप सोडलेला एक तरी भट निघाला का?"

पंगत हसली. वडील सर्वांत शेवटी हसले. मग त्यांनी लोक ताटकळू नयेत म्हणून स्वतःच पहिला घास घेतला. मार्थाबाईंनी माझ्यापुढे नारळाच्या दुधातला भात ठेवला. "याचं वासरू नसतं. जेव."

चिठ्ठीत असं लिहून मिळालं: ‘जातीचा मागमूस नाही. मटण, दूध, तूप व जोडा सोडला आहे. ख्रिस्ताला सोडण्याचे चिन्ह दिसत नाही. ठेवण्यास हरकत नसावी.’

वडील मला ठाणे स्टेशनापर्यंत सोडायला आले. "एक विचारू? तुला मटण मुळात आवडतच नव्हतं ना?"

"आवडायचं. अजून वास आला की तोंडाला पाणी सुटतं."

ते चालता चालता थांबले. "मला बावीस वर्षांत एकदाही आवडलेलं नाही. दर सणाला सगळ्यांदेखत खातो आणि परसात जाऊन ओकतो. मार्थेला ठाऊक आहे. आता तुला."

मी डोक्यावरची ट्रंक खाली उतरवली.

"पुढच्या सणाला माझ्या शेजारी बस," ते म्हणाले. "आणि ‘नको’ जरा मोठ्याने म्हण. म्हणजे मलाही म्हणता येईल."

कल्याणला परत पोचेपर्यंत चिठ्ठी खिशात आहे ना, हे चार वेळा चाचपून पाहिलं. काम पक्कं झालं, देवाची कृपा. पण मन त्या परसात अडकलंय. मी आवडीचं सोडलं, आणि त्याबद्दल निदान शिव्या तरी मिळाल्या. त्यांनी नावडीचं गिळलं, आणि कोणाला पत्ताही नाही. खोलीच्या मागे कोणी नसतं, तिथे उभा राहून मी सध्या मोठ्याने ‘नको’ म्हणायचा सराव करतो.