हापशीचे पाणी आणि माझी सही

"बाबा, थोडक्यात घ्या. आणि जरा शुद्ध बोला, रेकॉर्डिंग चालू आहे."

असे म्हणत पुण्याहून आलेल्या तज्ज्ञांनी माइकवर तळहात ठेवला. सभागृहात जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाचे प्राध्यापक बसले होते. काही हसले. मी एवढेच म्हणालो होतो, "पोट्टे गावात आणाच्या आंधी मास्तरानं सोता यावं. एकट्यानं. दोनदा."

प्राध्यापकांनी आपला विषय गावाशी जोडून कसा शिकवावा, याचे ते प्रशिक्षण होते. गावाचा प्रतिनिधी म्हणून मला रीतसर निमंत्रणपत्र होते.

तहसीलीच्या आवारात मी चाळीस वर्षे अर्ज लिहिले. कागदावर माझी भाषा कोणत्याही वकिलाच्या भाषेशेजारी बसेल. तोंडाने मी आईची वऱ्हाडी बोलतो. दोहोंपैकी कशाचीही मला लाज नाही, असे मी समजत होतो. त्या दिवशी मी शुद्ध बोलू लागलो. जीभ अडखळली.

"छान. बसा आता," तज्ज्ञ म्हणाले.

मी बसलो. हेही लिहून ठेवतो.

गेल्या हिवाळ्यात याच महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या बाई पिंपळगाव राजाच्या वाटेवरच्या आमच्या गावी, माझ्या ओट्यावर आल्या होत्या. "काका, प्राचार्य म्हणतात, शिकवणं गावाशी जोडा. मला गावात कुठून शिरावं तेच कळत नाही."

मी वाट दाखवली. सकाळी बाया हापशीवर असतात तेव्हा या. फॉर्म पिशवीतच ठेवा. आधी त्यांचे गुंड, पाण्याचे हंडे, उचलू लागा. त्यांनी ऐकले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी अंगणवाडीजवळच्या हापशीचे पाणी बाटल्यांत भरून नेले.

शेजारची सुमन रोज विचारी, "भाऊ, त्या पोट्ट्यायनं पानी नेलं, त्याचं काय निघालं? नातवाले पाजू का नोको?"

मी महाविद्यालयाला दोन पत्रे पाठवली. उत्तर नाही. पावसाळा सरला. सुमनने विचारणे सोडले. पाजणे चालूच राहिले.

ते उत्तर मला या सभागृहात मिळाले. पडद्यावर. अंगणवाडीजवळील हातपंप: नायट्रेट मर्यादेपेक्षा अधिक, लहान मुलांस पिण्यास अयोग्य. प्राध्यापकांनी माना डोलावल्या. तज्ज्ञ म्हणाले, हे आदर्श उदाहरण.

मग शाल आली, नारळ आला, आणि एक छापील कागद. समाजप्रतिनिधीचा अभिप्राय. खाली माझे नाव तयार. मजकुरात लिहिले होते: सर्व निष्कर्ष ग्रामस्थांना समजावून सांगण्यात आले.

मी प्राध्यापकांतच बसलेल्या रसायनशास्त्राच्या बाईंकडे पाहिले. त्यांची नजर खाली. "काका, अहवाल आधी वर पाठवायचा होता. गावाला सांगायचं राहून गेलं."

"हे झालं नाई," मी तज्ज्ञांना म्हणालो.

"फॉर्मॅलिटी आहे हो, बाबा. सही करा, जेवण थंड होतंय."

चाळीस वर्षांत माणसांना मी एकच गोष्ट फुकट सांगितली. न वाचता सही करू नका, आणि न घडलेल्यावर तर मुळीच करू नका. आता तीच मला स्वतःला सांगायची होती. राग होता, पण त्याहून थकवा मोठा होता. मी उठलो.

"सही करत नाई. कायद्यात याले खोटी साक्ष म्हन्तेत. आमच्या वऱ्हाडीतबी तेच म्हन्तेत."

कोणी हसले नाही. शाल मी टेबलावरच ठेवली. पडद्यावरची ती ओळ निमंत्रणपत्राच्या पाठीवर उतरवून घेतली, शेजारच्या आकड्यांसह. माझे अक्षर वळणदार आहे, वेळ लागतो. सभागृह जेवणासाठी खोळंबले. खोळंबू दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हापशीवर ती ओळ वाचून दाखवली. सुमनने भरलेला गुंड उपडा केला. नातू कडेवर होता.

"मंग इतके दिस काऊन नाई सांगतलं?"

तिने मला विचारले. योग्यच केले. त्यांना गावात मी आणले होते.

प्राचार्यांना पत्र लिहिले आहे. 'विनंती' हा शब्द त्यात नाही. गावात येणारा प्रत्येक वर्ग आपला निष्कर्ष प्रथम ग्रामसभेत वाचेल. शिकवणाऱ्याने स्वतः उभे राहून वाचावा, विचारल्यास उत्तर द्यावे. मगच तो वर पाठवावा. पत्र मी टपालात टाकणार नाही. स्वतः नेईन आणि शिक्क्यासह पोच घेईन. पोच नाकारली तर पुन्हा जाईन. गुडघे दुखतात. तरी जाईन.

लेखी मान्यता येईपर्यंत आमच्या हापशीखाली महाविद्यालयाची एकही बाटली भरली जाणार नाही. सकाळी सहापासून मी तिथेच बसतो.