गंजीत घुसलेलं विमान

परवा नातवाच्या स्कूटरमध्ये पेट्रोल भरताना वास आला आणि बदनापूरजवळचं आमचं रान आठवलं. निजामाच्या काळात, मी लहान असताना, इंजिन बंद पडलेलं एक छोटं विमान तिथं उतरलं आणि ऐनवेळी वळून कडब्याच्या गंजीत घुसलं. बैलांचा वर्षाचा चारा उधळला.

आई वैमानिकावर भडकली, "एवढं मोकळं रान सोडून गंजीच दिसली व्हय रे, मुडद्या?"

कपाळाचं रक्त पुसत तो म्हणाला, "बाई, सामने बच्ची थी."

आईनं वळून पाहिलं. मोकळ्या रानात मी उभी होते. तिनं पदर फाडून त्याच्या कपाळाला बांधला. "बस दादा, आधी दूध पी."

त्याचं नाव विचारायचं राहिलंच. अपघाताचं कारण मात्र मला रोज आरशात दिसतं. त्या माणसाला हात जोडते आणि कामाला लागते.