शनिवारची नवमी

काकांनी पेचकस ट्रकच्या फ्रेमला टेकवला आणि नुसता दाबला. ठोकला नाही, फिरवला नाही. पेचकस मुठीपर्यंत आत गेला.

"बाप्पा! हे लोखंड आहे का भिजलेला पापड?" काका ट्रकखालून म्हणाले आणि हसले.

मला हसू आलं नाही. काका, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, उताणे पडले होते आणि ज्या लोखंडात पेचकस शिरला ते त्यांच्या छातीच्या बरोबर वर होतं.

तो जुना पिकअप ट्रक काकांचा फार लाडका. नागपूरहून शिकागोला येऊन नोकरीत स्थिर झाल्यावर त्यांनी घेतलेली ती पहिली गाडी. लग्न होऊन मावशी अमेरिकेत आली ती विमानतळावरून याच ट्रकमध्ये बसून शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या घरी आली. गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या स्टेजच्या फळ्या, भाताची पातेली, सतरंज्या, सगळं याच्याच पाठीवरून जायचं. पण इथल्या हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ गाडीच्या पोटाला चिकटून लोखंड खातं. वरून ट्रक निळाशार, चकचकीत होता. खालून तो मरत आला होता. ज्या दोन लांब लोखंडी तुळयांवर ट्रकचं सगळं वजन असतं ती फ्रेमच मागच्या बाजूला पोखरून निघाली होती.

गॅरेजवाल्यानं एकदा वाकून पाहिलं आणि सांगितलं, भंगारात टाका. काकांनी त्याचे आभार मानले, ट्रक घरी आणला आणि जाहीर केलं, "मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. सडका भाग कापीन, नवं पोलाद वेल्ड करीन. बर्फ पडायच्या आत ट्रक रस्त्यावर आणून दाखवतो."

मावशी म्हणाली, "आधी स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करून दाखवा."

मी तेव्हा शिकायला म्हणून आलेली, मावशीकडे राहत होते. तिकडे मुंबईच्या गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या ती ही वर्षं. मी सोलापूरची, गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढलेली. वडील युनियनचं काम करायचे. युनियनची पत्रकं आमच्याच घरात लिहिली जायची, सायक्लोस्टाइलवर निघायची, घड्या घालून गिरणीच्या फाटकावर वाटली जायची. गोष्टींची पुस्तकं हाती पडायच्या आधी मी पत्रकं वाचली. त्यांतली कितीतरी अपघातांची असत. यंत्राच्या पट्ट्यात ओढला गेलेला हात. बॉयलरजवळ भाजलेला जॉबर, खात्याचा मुकादम. आणि शेवटी वडिलांची ठरलेली ओळ: अपघात होत नाही, अपघात होऊ दिला जातो. घड्या घालताना त्या ओळीची ओली शाई माझ्या बोटांना लागायची.

ती पत्रकं वाचून एक गोष्ट माझ्या हाडीमाशी भिनली. प्रत्येक अपघाताच्या आधी कुणीतरी एक वाक्य म्हणालेलं असतं. सुपरवायझर म्हणतो, मालक म्हणतो, कधी कधी मरणारा माणूस स्वतःच म्हणतो. ते वाक्य म्हणजे, "काही होत नाही."

काका दर शनिवारी ते वाक्य म्हणायचे.

जॅकनं त्यांनी ट्रकची मागची बाजू उचलली होती आणि फ्रेमच्या दोन्ही तुळयांखाली एकेक लोखंडी स्टँड लावून ती टेकवून ठेवली होती. मागची चाकं काढून भिंतीला उभी केलेली. खाली शिरायला त्यांनी एका फळीला छोटी चाकं बसवली होती, आणि काकांची पाठ दुखते म्हणून मावशीनं त्या फळीवर जुनी गोधडी घातली होती. गोधडीवर आडवं व्हायचं आणि पायानं रेटा देत आत सरकायचं. मग बाहेर उरायचे फक्त बूट.

माझं काम दिवा धरण्याचं आणि पाने देण्याचं. खरं काम मी दुसरंच करत होते. मी बुटांकडे बघत बसायचे. लोखंड कापायचा ग्राइंडर चालू असला की ठिणग्या उडायच्या, गंजाचे पोपडे खाली पडायचे, आणि आवाजात काही कळायचं नाही. ग्राइंडर थांबला की वरून ट्रक कुरकुरायचा. बूट हलले की माझ्या जिवात जीव यायचा. हलले नाहीत की मी हाक मारायचे.

"काका!"

"काय?"

"काही नाही."

थोड्या वेळानं पुन्हा, "काका!"

"काय कॉम्रेड, हजेरी घेऊन राहिली का?"

"हो."

ट्रकच्या मागच्या हौद्यात गेल्या हिवाळ्यातली वाळूची पोती तशीच होती. बर्फावर मागची चाकं घसरू नयेत म्हणून इथे लोक ती टाकून ठेवतात. मी म्हटलं, निदान ती पोती तरी उतरवू या.

"अगं, त्या वजनानंच तर ट्रक स्टँडवर पक्का बसून आहे. हलका केला तर डुगडुगेल."

"पण ते वजन पेलायला खाली लोखंड कुठे शिल्लक आहे?"

"काही होत नाही," काका म्हणाले. "काहून एवढी घाबरतेस?"

सोलापुरात असते तर मला काय करायचं ते ठाऊक होतं. पत्रक काढायचं, फाटकावर उभं राहायचं, मालकाला जाब विचारायचा. इथे जाब कुणाला विचारायचा? मालकही काका, कामगारही काका, आणि कामाची घाईही काकांनीच स्वतःच्या मानगुटीवर बसवलेली. ज्याचं शोषण करणारा तोच आहे, त्या माणसाच्या बाजूनं लढायचं कसं, हे एकाही पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

एका शनिवारी त्यांचं काम आटोपल्यावर मी डावीकडच्या स्टँडचं टोक फ्रेमला जिथे टेकलं होतं, बरोबर तिथे फ्रेमवर खडूनं रेघ मारली. पुढच्या शनिवारी सकाळी दिवा घेऊन पाहिलं तर रेघ दिसेना. पुसली नव्हती. स्टँड लोखंडात रुतला होता आणि रेघ त्याच्या टोकाआड गेली होती.

मी काकांना ओढत आणून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "वरचा पोपडा दबला असेल. आतलं लोखंड धरून आहे. आज मधला आडवा दांडा कापतो, मग नवे तुकडे बसवायला मोकळे."

आडवा दांडा दोन तुळयांना जोडून धरतो. तो कापायचा म्हणजे उरलंसुरलं बळही काढून घ्यायचं. मी तसं म्हणाले. काका कामाचे हातमोजे चढवत होते.

तेवढ्यात मावशी ताम्हणात हळदकुंकू घेऊन गॅरेजमध्ये आली.

"अहो, पाने, हातोड्या, सगळं पुसून द्या. पूजेला मांडायचंय. आज अवजारांना हात लावायचा नाही. खंडेनवमी आहे."

"आज?" काका म्हणाले. "नवमी मंगळवारी होऊन गेली. कॅलेंडर बघ."

"मंगळवारी मी लॅबमध्ये होते आणि तुम्ही मीटिंगमध्ये. मंडळाचा दसरा उद्या आहे, रविवारी. म्हणजे नवमी आज."

"तिथी काय वीकएंड बघून येते का?"

"इथे येते. गणपती वीकएंडला चालतो, संक्रांत वीकएंडला चालते, तुमचा वाढदिवस वीकएंडला चालतो. मग नवमीनंच काय घोडं मारलंय?"

"अगं, बर्फ कधीही पडेल! मला शनिवार-रविवारच मिळतात काम करायला."

"देवीलाही तेवढेच मिळतात."

काकांनी हात टेकले आणि ते माझ्याकडे वळले. "हिला विचार. आपली कॉम्रेड पूजाबिजा मानत नाही. काय गं, यंत्राला कुंकू लावलं की यंत्र चालतं का?"

प्रश्न बरोबर माणसाला विचारला होता. त्या घरात मी आरतीला उभी राहत नव्हते. मंडळाच्या कार्यक्रमात देवधर्मावरून मी दोन डॉक्टरांशी आणि त्यांच्या बायकांशी कडाकडा भांडले होते, आणि मावशीला त्याबद्दल आठवडाभर फोन येत होते. यंत्राला तेल लागतं, कुंकू नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ आहे. आजही मी त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.

मी त्या न दिसणाऱ्या खडूच्या रेघेकडे पाहिलं.

"आज नवमीच आहे," मी म्हणाले.

"फितूर!" काका ओरडले.

"नवमीला गिरणीचं चाक फिरत नाही, काका. कामगाराची सुट्टी आहे ती. तुम्ही आज खाली शिरलात तर मी इथे दारात धरणं धरीन. शेजाऱ्यांना दिसेल असं."

"आणि जेवायला वाढायला मी नाही," मावशीनं पाठिंबा जाहीर केला.

काकांनी हातमोजे काढून आपटले. पूजेला जागा हवी म्हणून त्यांनी चाकांची फळी गोधडीसकट पायानं ट्रकखाली ढकलून दिली आणि ते पुटपुटत पाने पुसायला बसले. मी जमिनीवर चादर अंथरली. पाने, हातोडी, ग्राइंडर, वेल्डिंगचा मुखवटा, सगळं ओळीनं मांडलं. मावशी एकेकाला हळदकुंकू लावत गेली. शेवटी तिनं इकडेतिकडे पाहिलं.

"ते खालचे स्टँड राहिले की."

आणि ती वाकून, एका हातात ताम्हण सावरत, दुसरा हात ट्रकखाली घालू लागली.

"मावशी, हात बाहेर!" मी किंचाळले आणि तिला स्वेटर धरून मागे खेचलं. कुंकू सगळं सांडलं.

"वेड लागलंय का गं?" मावशी कपाळावर आठ्या घालून म्हणाली. "हात मोडला असता माझा!"

मी तिचा स्वेटर सोडला नाही.

काकांनी नारळ उचलला. जमिनीवर जागोजागी तेलाचे डाग होते, तिथे नारळ फोडू द्यायला मावशी तयार होईना. मग काका ट्रकच्या मागे उभे राहिले आणि त्यांनी नारळ मागच्या बंपरवर आपटला. ठक्क झालं. खाली गंजाची भुकटी झरली. नारळ तसाच.

"दणकट आहे," काका म्हणाले. "अगदी माझ्या ट्रकसारखा." आणि दुसऱ्यांदा जोरात आपटला.

आधी जाड मांजरपाट फाडल्यासारखा आवाज झाला. काका मागे सरकले, ते कळून की नकळत, त्यांनाही सांगता येत नाही. मग डावा स्टँड फ्रेममधून आरपार वर घुसला, उजवा तिरपा होऊन उडाला, आणि ट्रकची मागची बाजू वाळूच्या पोत्यांसकट खाली बसली. जमीन हादरली. भिंतीला लावलेली चाकं पडली. गॅरेजभर तांबडी धूळ झाली आणि त्या धुळीतून नारळ गडगडत माझ्या पायाशी आला. न फुटलेला.

धूळ खाली बसली तेव्हा ट्रकखालून गोधडीचा एक कोपरा बाहेर आलेला दिसला. मावशीनं तो धरून ओढला. आला नाही. तिनं पुन्हा ओढला, दोन्ही हातांनी, जणू त्या क्षणी ती गोधडी बाहेर काढणं एवढंच काम जगात उरलं होतं.

"राहू दे," काका म्हणाले. तो आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. ते उपड्या बादलीवर बसले होते आणि आपल्या छातीवर हात ठेवून बघत होते, ती तिथे आहे ना, असं.

"देवीनं राखलं," मावशी म्हणाली.

"सुट्टीनं राखलं," मी म्हणाले.

"बरं बाई, सुट्टीनं. आता तू रडायचं थांब." मी रडत होते हे मला तेव्हा कळलं.

ट्रक भंगारात टाकायला काका तरीही तयार झाले नाहीत. टेक्सासमध्ये रस्त्यांवर असं मीठ पडत नाही. तिकडून त्यांनी त्याच जातीच्या एका मोडक्या ट्रकची बिनगंजाची फ्रेम मागवली. पण या वेळी ते काम वर्कशॉपमध्ये झालं, जिथे केबिन आणि हौदा क्रेनच्या यारीनं उचलून घेतात आणि कुणी माणूस वजनाखाली जात नाही. ही माझी अट होती, आणि काकांनी ती वाद न घालता मान्य केली. ते वाद घालत नाहीत याचीच मला जास्त भीती वाटली होती.

फेब्रुवारीत ट्रक घरी आला. काकांनी त्याच्याभोवती फेऱ्या मारल्या, दारं उघडली, लावली, हौद्यावर थापा मारल्या. त्यांचा आवाज हळूहळू पूर्वीसारखा झाला. एका शनिवारी जेवताना ते म्हणाले, "जरा जॅक लावून बोल्ट खालून बघून घेतो. वर्कशॉपवाल्यांचा काय भरवसा? नवी फ्रेम आहे आता. काही होत नाही."

घास माझ्या हातातच राहिला.

मावशी उठली. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि देवघरातून ताम्हण उचललं.

"आज अवजारांना हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"का?"

"नवमी आहे."

"फेब्रुवारीत?"

"इथे नवमी मी म्हणेन तेव्हा असते."

काकांनी दाद मागायला मला हाक मारली. पण मी टेबलाशी नव्हतेच. गॅरेजमधून जॅक उचलून मी देवघराकडे निघाले होते.