आईच्या वाढदिवसाचं अभिनंदन

सकाळी नेवेना तोंड धुऊन स्वयंपाकघरात आली, तर घरात सोबत राहणारी हिस्के दोन्ही हात पसरून दारातच उभी. काही कळायच्या आत तिने नेवेनाच्या गालांचे आळीपाळीने तीन मुके घेतले आणि म्हणाली, "अभिनंदन गं! आईच्या वाढदिवसाचं!"

तिच्यामागून पावाचा तुकडा चघळत घरातला तिसरा, वीबे, आला. त्याने हात पँटला पुसून पुढे केला. "अभिनंदन. किती वर्षांच्या झाल्या?"

"एक्कावन्न," नेवेना म्हणाली.

हिशेब बरोबर होता, पण तो पुरा करायला आईच राहिली नव्हती. नोव्हेंबरात बालवाडीच्या स्वयंपाकघरात सुपाचं पातेलं उतरवता उतरवता ती खाली बसली, ती पुन्हा उठली नाही.

हॉलंडमधल्या आमच्या ग्रोनिंगेनात वाढदिवस एकट्याचा नसतो. ज्याचा असेल त्याचं अभिनंदन तर होतंच, पण त्याच्या बायकोचं, सासूचं, शेजारणीचंही होतं. गोलात बसलेल्या प्रत्येकाशी हात मिळवत फिरायचं, मग त्यात मीटर बघायला आलेला माणूस का बसलेला असेना. आणि कोणी विसरू नये म्हणून वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगलेलं असतं, कारण तिथे बसलं की बघण्यासारखं दुसरं काही नसतं. सप्टेंबरात नेवेना या घरात राहायला आली, तेव्हा हिस्केने पहिल्याच आठवड्यात तिच्या हातात पेन देऊन तिला आत पिटाळलं होतं. "सगळ्यांचे लिही. आई, बाबा, भाऊ. कुत्रा असेल तर त्याचाही."

नेवेना बल्गेरियातली, डॅन्यूबकाठच्या लोम गावची. तिच्या गावात माणूस गेला की त्याचा फोटो आणि नाव छापलेला कागद घराच्या दाराला, कोपऱ्यावरच्या झाडाला, बसथांब्याला चिकटवतात. कोणाला तोंडाने काही सांगावं लागत नाही. आईचे कागद तिच्या भावाने चिकटवले होते. इथे मात्र तोंड उघडल्याशिवाय कोणाला काही कळत नाही, आणि नेवेनाने तोंड उघडलं नव्हतं.

मुद्दाम लपवलं असंही नाही. आई गेल्याचं कळलं त्या दिवशी ती खोलीत बॅग भरत होती. वीबेने बंद दाराबाहेरूनच विचारलं, "मध्येच गावी कशी? लग्नबिग्न आहे का कोणाचं?" खरं सांगायला जीभ रेटेना, म्हणून ती "हो, भावाचं" म्हणून गेली. परत आली तर भावाच्या लग्नाबद्दलही तिचं अभिनंदन झालं. उद्या सांगू, परवा सांगू असं करता करता हिवाळा गेला. आणि मग एक दिवस हिस्केने भांडी विसळताना सहज विचारलं, "काय म्हणते तुझी आई?" नेवेना म्हणाली, "बरी आहे." ते ऐकून तिला स्वतःलाच केवढं बरं वाटलं! लोममध्ये आई गेली होती. घरातून, दुकानातून, चर्चमधून, सगळीकडून गेली होती. या एका घरात तेवढी ती होती. इथून तिला घालवायला नेवेनाचं मन होईना. आजचा दिवस पार पडला की मग वर्षभर कोणी तिच्याबद्दल एवढं विचारणार नाही, असं तिने स्वतःला बजावलं आणि सायकल काढली.

पहिला तास हातांनी शिकायचा होता. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला पुस्तकं कमी आणि एकमेकांच्या पाठी जास्त. एकाने टेबलावर पालथं पडायचं आणि दुसऱ्याने बोटांनी चाचपत हाडं, स्नायू शोधायचे. नेवेना आणि हिस्केची जोडी ठरलेली. हिस्केचा आवाज असा, की तिने कानात सांगितलेलं रस्त्यावर ऐकू जावं. वर्गात पाऊल टाकता टाकताच तिने जाहीर केलं, "नेवेनाच्या आईचा आज वाढदिवस!" झालं. वीस जण, वीस हात. कोणी हात मिळवले, कोणी मिठी मारली. नेवेना प्रत्येकाला "थँक यू" म्हणत राहिली आणि संधी मिळताच टेबलावर पालथी झाली.

"बाई गं!" हिस्के तिच्या मानेखाली अंगठा रोवत म्हणाली. "हा खांदा आहे की फरशी? नुसता दगड झालाय. रात्री झोपतेस की नाही?"

"झोपते की."

"मग घरची आठवण येत असणार. आज येणारच म्हणा. माझी आई पाऊण तासावर राहते, तरी तिच्या वाढदिवसाला मला रडू येतं. अर्थात तिचा केक खाऊन कोणालाही येईल."

टेबलाला तोंडापुरतं भोक असतं. त्यातून दोन थेंब खाली फरशीवर पडले. वरून हिस्केला ते दिसायचं काही कारण नव्हतं. ती आपली खांद्याचं हाड शोधत बडबडत होती.

दुपारी सगळे डबे उघडून बसले. चीज आणि पाव, पाव आणि चीज. एका पोराने टेबलावर बोटं वाजवली. "केक कुठेय? वाढदिवस म्हणजे केक पाहिजे."

"माझ्या आईचा आहे, माझा नाही," नेवेना म्हणाली.

"मग आईला सांग पाठवायला!"

"माझी आई केक करत नाही. ती पातळ पाऱ्यांमध्ये चीज आणि अंडं भरते, लांब वळकटी करते आणि ती ताटात गोल वेटोळं घालून भाजते. स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःच. दुसऱ्या कोणाला भट्टीजवळ फिरकू देत नाही."

"आणि संध्याकाळी काय बेत?"

इथे थांबायला हवं होतं. नेवेना थांबली नाही. आई आज केस रंगवणार आहे, म्हणाली. मग मावशीबरोबर नदीवर मासे खायला जाणार आहे. नवे बूट घेतलेत, टाच जरा उंच आहे, चावणार आहेत हे ठाऊक असूनही घालणार आहे. बाबा म्हणणार, या वयात कशाला, आणि ती म्हणणार, तुम्ही चालताय की मी? सगळे हसले. बोलता बोलता नेवेनालाच ते समोर दिसायला लागलं. नदीकाठची टेबलं, माशाचा वास, बूट काढून टेबलाखाली पाय चोळणारी आई. इतक्या महिन्यांत तिने आईला मेलेलीच पाहिली होती. आज पहिल्यांदा ती हलताना, बोलताना दिसली. नेवेनाला हावरटासारखं अजून सांगत राहावंसं वाटलं. पण तेवढ्यात सगळे उठले आणि डबे बंद झाले.

शेवटचा तास हार्मेनचा. हार्मेन निवृत्तीला आलेला, उंच, वाकलेला, पोरांना मनापासून आवडणारा मास्तर. पेशंटला प्रश्न कसे विचारायचे ते तो शिकवी. एकाने पेशंट व्हायचं, पण उत्तरं मात्र स्वतःची, खरीखुरी द्यायची, हा त्याचा नियम. हिस्के कागद सरसावून समोर बसली. झोप, जेवण, जुनी दुखणी झाली.

"आई-वडील?"

"आहेत दोघं."

"आईला काही? रक्तदाब, साखर?"

"नाही. ठणठणीत आहे."

रक्तदाब होता. गोळ्या फ्रीजवर पडलेल्या असत आणि आई म्हणे, यांनी माझं पित्त खवळतं.

"थांब," हार्मेन मागून म्हणाला. "हिस्के, तू काय ऐकलंस?"

"आई ठणठणीत आहे, असं."

"बाकी प्रत्येक उत्तराआधी ती विचार करत होती. हे उत्तर मात्र तोंडात तयार होतं. माणूस असं झटकन बोलला की पुढच्या प्रश्नावर उडी मारायची नाही. गप्प बसायचं. त्याला वेळ द्यायचा."

आणि तो खरोखरच गप्प बसला. अख्खा वर्ग गप्प बसला. हार्मेन नेवेनाकडे बघत होता, रागाने नाही, घाईनेही नाही. नेवेनाच्या ओठांपर्यंत आलं. आणखी एक श्वास तो थांबला असता तर ती बोललीच असती. पण हिस्केला शांतता कधी सोसलीय?

"अहो हार्मेन, तिच्या आईचा आज वाढदिवस आहे! म्हणून ती सकाळपासून कावरीबावरी झालीय."

"असं होय!" हार्मेनचा चेहरा उजळला. त्याने आपला मोठा, सुरकुतलेला पंजा पुढे केला. "मग अभिनंदन, पोरी. आईलाही सांग माझ्याकडून."

"सांगते," नेवेना म्हणाली. वेळ टळली होती. तिला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी त्या हिस्केच्या थोबाडीत ठेवून द्यावी असंही वाटलं.

घरी आली तर स्वयंपाकघरात खिडकीपासून दिव्यापर्यंत कागदी पताका. टेबलावर मलईचा केक. वीबे उकडलेले बटाटे आणि पालेभाजी एकत्र कुस्करत होता, कपाळाला घाम. सहा म्हणजे आमच्याकडे जेवायची वेळ.

"दुपारी केक मागणाऱ्या पोरांना सांगत होतीस ना, आई केक करत नाही म्हणून?" हिस्के म्हणाली. "मग आपण इथे करू. फोन लाव तिला. आपण सगळे गाऊ."

"ती कामावर असेल."

"तुमच्याकडे सात वाजले असतील. कामावर कसली?"

"मग नदीवर गेली असेल."

"तर मग तिथेच सगळ्यांसमोर गाऊ! लाव गं, लाजतेस काय?"

नेवेनाने फोन घेतला. ती का घेते आहे हे तिचं तिला ठाऊक होतं. आईचा फोन कुठल्या तरी खणात मरून पडलेला असणार. रिंगही जाणार नाही, ती म्हणेल लागत नाही, आणि विषय संपेल. शिवाय एकदा, फक्त एकदाच, चार माणसांसमोर तिला 'आई' या नावावर बोट ठेवायचं होतं. तिने व्हिडिओ लावला. वीबेने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला.

रिंग गेली. दुसऱ्या रिंगला फोन उचलला गेला.

पडद्यावर आधी छत दिसलं, मग बाबा. काळा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. त्यांनी काही विचारायच्या आत हिस्के आणि वीबे बेंबीच्या देठापासून गायला लागले. वाढदिवसाचं गाणं कुठल्याही भाषेत असो, ओळखू येतंच. बाबांनी पताका पाहिल्या, केक पाहिला, टाळ्या वाजवणारी पोरं पाहिली. मग नेवेनाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"तुमचंही अभिनंदन!" हिस्के पडद्यावर वाकून जर्मनमध्ये म्हणाली. बाबा दोन हंगाम जर्मनीत गोदामात राबले होते, हे तिला माहीत होतं. "बायकोच्या वाढदिवसाचं!"

"आभारी आहे," बाबा म्हणाले.

"फोन त्यांचा आणि उचलता तुम्ही? त्या कुठेत?"

बाबा म्हणजे साधा माणूस. थाप मारायची तर आधी कान लाल व्हायचे त्यांचे. "बाहेर आहे," ते म्हणाले. "अंगणात."

"मग हाक मारा ना! आम्ही पुन्हा गातो."

नेवेनाने वर पाहिलं. बाबा तिच्याकडेच बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं. मग त्यांनी मान वळवली, दाराकडे, आणि रिकाम्या घरात हाक मारली.

"स्तोयांका!"

पूर्वी मारायचे तशीच, शेवटी जरा चढवून. "स्तोयांका, ये गं! पोरीचा फोन आहे!"

"बाबा, नको," नेवेना म्हणाली. "नको ना हो." आणि मग हिस्केकडे वळून, तिला कळेल अशा भाषेत, "माझी आई नोव्हेंबरात गेली. लग्न नव्हतं. तिलाच पुरायला गेले होते मी."

हिस्केचे टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. वीबेने गॅस बंद केला. मग त्याने हात पँटला पुसला, टेबलाला वळसा घालून आला आणि सकाळी केला होता तसाच हात पुढे केला. माणूस गेल्यावर म्हणायचा शब्द म्हणाला. आमच्याकडे दुखवट्यालाही असंच एकेकाशी हात मिळवत फिरतात. हिस्के आली. तिने नेवेनाला घट्ट धरलं आणि लहान पोरीसारखी हमसून रडली. नेवेनाही रडली, पाच महिन्यांचं सगळं, नाकातोंडातून, लाज न बाळगता. मग हिस्के डोळे पुसत फोनकडे वळली आणि बाबांनाही तेच म्हणाली, जर्मनमध्ये, अडखळत.

बाबांनी मान हलवली. "फोन मी चार्ज करून ठेवला होता," ते लेकीला आपल्या भाषेत म्हणाले. "तिच्या वाढदिवसाला किती फोन यायचे. म्हटलं, कोणी लांबचं असेल, ज्याला ठाऊक नाही."

"आला का कोणाचा?"

"तुझाच."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "केक काप, पोरी. तिच्या नावाने दे त्यांना. उपाशी ठेवू नकोस."

नेवेनाने तुकडे केले. हिस्के आणि वीबे उभ्या उभ्या खायला लागले. बाबांनी फोन ठेवला नाही. पडद्यावर ते तसेच बसून होते, हात टेबलावर, पोरं खाताना बघत. फक्त मधूनमधून त्यांची नजर दाराकडे जायची, कोणाला हाक मारल्यावर माणूस बघतो तशी.